दोन लक्ष्मीबाई आणि इतर नामबंधू

१८५८ च्या जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ लढताना झाशीची राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडली. त्याच वर्षी सप्टेंबरात, तिथून शेकडो कोस दक्षिणेला प्राणहितेच्या खोऱ्यात, अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्या माणसांनी बाबुराव शेडमाके यांना पकडले आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या हवाली केले. नाव तेच, वर्ष तेच, उठावही तोच. बाजू मात्र एकमेकींच्या विरुद्ध. पहिल्या लक्ष्मीबाईचे नाव चौथीतल्या पोराला पाठ असते. दुसरीचे नाव गडचिरोली जिल्ह्यातसुद्धा फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे तेही तिला नुसती ‘अहेरीची राणी’ म्हणून पुढे जातात. ‘राणी लक्ष्मीबाई’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल उभे राहते, आणि मग अहेरीच्या बाईला त्या नावात जागा उरत नाही.

इतिहासातल्या सारख्या नावांच्या माणसांवर पुस्तक करावे, ही कल्पना या दोघींवरूनच सुचली. ती चामोर्शीत सुचली यालाही कारण आहे. शेडमाक्यांच्या उठावाची कथा अहेरीची आणि चांद्याची म्हणून सांगितली जाते, पण तिचा एक पाय आमच्या तालुक्यात आहे. आज चामोर्शी तालुक्यात असलेले घोट हे तेव्हा जमीनदारीचे ठाणे होते. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव हे बाबुरावांचे साथीदार. बाबुराव स्वतः मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले. जन्म १२ मार्च १८३३ चा, वडिलांचे नाव पुल्लेसूर. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. एप्रिलच्या २९ तारखेच्या रात्री चिंचगुंडी येथे प्राणहितेच्या काठी तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले आणि पीटर नावाचा तिसरा निसटला. त्यानंतर क्रिक्टनने शेडमाक्यांना पकडण्यासाठी जंग जंग पछाडले. इंग्रजी फौजेला या रानात वाट सापडत नव्हती. वाट ठाऊक असलेली माणसे अहेरीच्या पदरी होती. म्हणून त्याने अहेरीच्या जमीनदारणीला गाठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात निघून गेले, तिथे दीड-दोन वर्षांनी पकडले गेले आणि जन्मठेपेवर गेले. दोघांच्या जमीनदारीतली गावे जप्त झाली आणि ती बक्षीस म्हणून मिळाली अहेरीच्या लक्ष्मीबाईला. म्हणजे घोट परगण्याची मालकी एका लक्ष्मीबाईकडे गेली, ती दुसरीने ज्या सत्तेशी लढता लढता प्राण दिला त्याच सत्तेच्या हातून.

यावर ‘फितुरी’ असा एक शब्द टाकून मोकळे होता येते, आणि बाबुरावांच्या जयंतीच्या भाषणांत तसे होतेही. मला ते अपुरे वाटते. क्रिक्टनने अहेरीच्या लक्ष्मीबाईवर दडपण आणले होते, जमीनदारी जाण्याची भीती होती, असे सांगतात. या प्रसंगाचे जे कागद राहिले ते बहुतेक इंग्रजांच्या बाजूचे आहेत, आणि त्यांत ती सरकारच्या उपयोगी पडलेली बाई एवढीच दिसते. झाशीच्या लक्ष्मीबाईचे तर संस्थान गेले होते, तिनेही आधी अर्ज-विनंत्या करून पाहिल्या होत्या. तिचा दत्तक नामंजूर झाला. अहेरीवर तशी पाळी आली नव्हती. दोघींना शेजारी बसवल्यावर हा फरक डोळ्यांत भरतो. एकटी झाशीची घेतली तर वीरकथा होते, एकटी अहेरीची घेतली तर निंदा होते. जोडीने वाचले की १८५८ साली एखाद्या संस्थानिक बाईपुढे नेमके कोणते मार्ग होते ते कळते. नामबंधूंच्या जोड्या लावण्याचा हा फायदा आहे आणि या पुस्तकाची मांडणी त्यावरच उभी आहे.

एवढी सारखी नावे आपल्याकडे येतात कुठून, हा प्रश्न यानंतर ओघानेच येतो. आमच्या भागात त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ घ्या. मेजर लुसी-स्मिथ याने १८६९ च्या जमाबंदीच्या अहवालात ती नोंदवली आणि पुढे सगळ्यांनी तिथूनच उचलली. तिच्यात बल्लाळ इतके आहेत की बोटे पुरत नाहीत: भीम बल्लाळ, सर्जा बल्लाळ, खांडक्या बल्लाळ, बाबाजी बल्लाळ. हीरही दोन आहेत आणि रामशहाही दोन. मुळात बल्लाळ हे त्या घराण्याचे मानाचे नाव. ते घेतले की गादीवरचा हक्क सांगितल्यासारखे होई. अडचण प्रजेची झाली. तिने मग ओळखीसाठी जे हाताशी लागले ते वापरले. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी-फोड होते, म्हणून तो खांडक्या. चंद्रपूर वसवल्याचे श्रेय ज्याला दिले जाते, झरपटीच्या पाण्याने ज्याचे दुखणे बरे झाल्याची कथा अजून सांगतात, तो राजा पाचशे वर्षांनंतरही आपल्या फोडांसकट शाळेच्या पुस्तकात आहे. पण त्या एका शब्दामुळे तो इतर बल्लाळांत मिसळला नाही, हेही खरे. बाबाजीची ओळख तर थेट अबुल फजलच्या लेखणीने पक्की केली. ऐने अकबरीत चांद्याचा गोंड राजा म्हणून त्याचा उल्लेख येतो, आणि त्या उल्लेखाच्या आधारानेच वंशावळीतल्या मागच्या-पुढच्या बल्लाळांचे काळ ठरवण्याचा प्रयत्न अभ्यासकांनी केला आहे. सगळेच नुसते बल्लाळ असते तर हा खुंटा ठोकायला जागा नव्हती.

गोंडांचे राज्य गेले तेव्हा ते ज्यांनी घेतले त्यांच्याकडे हाच खेळ जास्त शिस्तीत चालला होता. नागपूरकर भोसल्यांच्या घरात नातवाला आजोबांचे नाव ठेवीत. पहिल्या रघुजींनी १७५१ मध्ये निळकंठशहाकडून चांदा कायमचा घेतला. त्यांचा मुलगा मुधोजी, मुधोजींचा मुलगा पुन्हा रघुजी. हे दुसरे रघुजी १८०३ च्या लढाईत वऱ्हाड आणि कटक गमावून बसले. त्यांचे पुतणे अप्पासाहेब, म्हणजे कागदोपत्री पुन्हा मुधोजी. तिसरे रघुजी तर जन्माने भोसलेही नव्हते. ते दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पोर, गुजर घराण्यातले, नाव बाजीबा. अप्पासाहेबांना पदच्युत केल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांच्या संमतीने ते दत्तक बसले आणि गादीवर बसताना त्यांचे नाव रघुजी झाले. पोशाख, शिक्का आणि नाव ही तिन्ही एकाच दिवशी अंगावर चढली. ११ डिसेंबर १८५३ ला ते वारले, औरस मुलगा नव्हता, डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरबरोबर चांदाही खालसा झाला. पहिल्या रघुजींनी आणलेला मुलूख तिसऱ्या रघुजींच्या पाठीमागे गेला. मधल्या शंभर वर्षांत इथल्या माणसाने ‘रघुजीराजे’ म्हटले तर ते कोणते, हे सांगायला सालच लागते. पुढे दत्तक घेतलेल्या यशवंतरावांचेही नाव जानोजी ठेवले गेले, पहिल्या रघुजींच्या थोरल्या मुलाचे. राज्य गेले होते, नाव चालू ठेवले.

सातारा आणि कोल्हापूरची गोष्ट याहून चमत्कारिक आहे, आणि ती मराठी वाचकाला ठाऊक असूनही सहसा या बाजूने बघितली जात नाही. संभाजीराजांना १६८२ मध्ये मुलगा झाला. आजोबांचे नाव म्हणून त्याला शिवाजी म्हटले. मोगलांच्या कैदेत वाढताना तो शाहू झाला. इकडे राजाराम आणि ताराबाईंना १६९६ मध्ये मुलगा झाला. त्याचेही आजोबा तेच, नावही तेच ठेवले, शिवाजी. औरंगजेब मेल्यावर १७०७ मध्ये शाहू सुटून आले आणि खेडला लढाई झाली. थोरल्या महाराजांच्या गादीसाठी त्यांचे दोन नातू समोरासमोर आले, आणि पाळण्यातली नावे विचाराल तर दोघेही शिवाजीच. शाहू नावाने गेले म्हणून आपल्याला वाचताना अडत नाही. पुढे कोल्हापुरात राजसबाईंचे चिरंजीव गादीवर आले ते संभाजी, काकांच्या नावाचे. आणि काकांना तरी ते नाव मिळाले कुठून? महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीला पडले, त्यानंतर थोड्याच वर्षांत, १६५७ मध्ये, मुलगा झाला आणि भावाचे नाव त्याला मिळाले. तीन पिढ्यांत तीन संभाजी. यातला मधला सोडला तर बाकीच्या दोघांवर दोन पाने लिहिणारेही विरळा.

पेशव्यांकडेही हाच प्रकार. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. फडणिसांच्या घरात आजोबा बाळाजी म्हणून नातू बाळाजी जनार्दन. आता मराठी घरातली सून सासऱ्याचे नाव तोंडाने घेत नसे. मुलाला सासऱ्याचे नाव ठेवले की त्याच्या आईची आणि चुलत्यांच्या बायकांची पंचाईत व्हायची, म्हणून हाकेला नाना, अप्पा, बाबा, दादा, तात्या असले काहीतरी लागायचे. त्यातून बाळाजी बाजीराव नानासाहेब झाले आणि बाळाजी जनार्दन नाना. म्हणजे खरे नाव चुकवायला काढलेले टोपणनावही पुन्हा सारखेच निघाले. एक पानिपतच्या बातमीने खचून १७६१ मध्ये गेला, दुसरा त्याच पानिपतातून जीव घेऊन परतला आणि १८०० पर्यंत पुण्याचा कारभार हाकत राहिला. त्यात १८५७ चे नानासाहेब, मूळचे धोंडोपंत, येऊन मिळाले की परीक्षेतल्या पोराची वाट लागते. बाजीराव-माधवरावांना निदान ‘थोरले’, ‘दुसरे’, ‘सवाई’ असे वेगळे करून ठेवले आहे. ती सोय नानांच्या वाट्याला आली नाही.

या टोपणनावांनी नंतरच्या काळात जो धुमाकूळ घातला तो पाहिला की वाटते, मराठी माणसाने आपल्या मोठ्या माणसांची खरी नावे विसरायची शपथच घेतली असावी. दादासाहेब म्हणजे कोण? सिनेमावाल्याला विचाराल तर धुंडिराज गोविंद फाळके. अमरावतीत विचाराल तर गणेश श्रीकृष्ण खापर्डे. नाशिककडे विचाराल तर भाऊराव गायकवाड. आमच्याकडे दादासाहेब म्हणजे मारोतराव सांबशिव कन्नमवार, मूल तालुक्यातल्या मारोड्याचे, १९०० सालचा जन्म, नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरानेच, २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच वारले. चामोर्शी तालुक्यात रेगडीला दिना नदीवरच्या धरणाला कन्नमवार जलाशय म्हणतात; मुंबईत विक्रोळीला कन्नमवारनगर आहे. त्या नगरात राहणाऱ्या किती जणांना हा माणूस चांद्याच्या रानातून आला हे माहीत असेल, शंका आहे. ‘वार’ने संपणाऱ्या आडनावावरून तरी कळावे, ती आडनावे आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांची आणि पलीकडच्या तेलुगू मुलखाची खूण आहेत.

बाबुरावांचे तसेच. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर, त्यांच्याच कंपनीतून पुढे आलेले बाबुराव पेंढारकर, रहस्यकथांचे बाबुराव अर्नाळकर, ‘फिल्मइंडिया’चे बाबुराव पटेल, कथाकार बाबुराव बागूल. या रांगेत शेडमाके सगळ्यांत आधीचे आणि सगळ्यांत कमी जगलेले. पंचविसाव्या वर्षी फासावर गेलेल्या मुलाला आपण ‘बाबुराव’ म्हणतो आणि चित्र काढताना त्याला मिशाळ, प्रौढ गृहस्थ करून टाकतो.

बायकांच्या नावांचा भाग लिहिताना माझा हात सर्वांत जास्त अडखळला, कारण तिथे नाव टिकतच नाही. लग्नात सासरचे लोक तांदळात नवे नाव लिहीत आणि जुने तिथेच संपे. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेली यमुना जोशांकडे गेली आणि आनंदी झाली. डॉक्टर होणारी ती आनंदीबाई. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना १८७३ मध्ये रानड्यांकडे गेली आणि रमा झाली. सेवासदनाची ती रमाबाई. जन्माने दोन यमुना, आणि इतिहासात एकही यमुना नाही. उलट दोन नव्या नावांनी नव्या गर्दीत भर टाकली. आनंदीबाई म्हटले की आधी राघोबांची आनंदीबाई आठवते, मग कर्व्यांची, तीही माहेरची गोदू. रमाबाईंत माधवराव पेशव्यांच्या रमाबाई आहेत, ज्या १७७२ मध्ये सती गेल्या. त्यानंतर पंडिता रमाबाई, ज्यांनी लग्नानंतरही आपलेच नाव आणि आपलीच पदवी चालवली. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि रानड्यांच्या रमाबाई त्यांच्या व्याख्यानांना जाऊ लागल्या. त्यावरून घरातल्या आणि नात्यातल्या बायकांनी काय काय ऐकवले ते रानडे रमाबाईंच्या आठवणींत वाचायला मिळते. चौथ्या रमाबाई आंबेडकरांच्या. सासरच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या बायकांची जन्मनावे या पुस्तकात मिळतील तिथे आधी दिली आहेत. काही वाचकांना ते ओळखीचे वाटणार नाही. वाटू नये हाच हेतू आहे.

नाव, वडिलांचे नाव आणि वर पुन्हा कामही जुळणे ही दुर्मीळ गोष्ट. तिचे मराठीतले दोन नमुने मला फार आवडतात. पोंभुर्ल्याचे बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढले. रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांचा ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ ला निघाला. दोघांचे वर्तमानपत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातले, हा योगायोग. टिळकांचे पाळण्यातले नाव केशव होते, बाळ हे लाडाचे, आणि ते लाडाचे नाव साऱ्या देशाने पुढे चालवले. रत्नागिरीतच १८८८ मध्ये जन्मले बाळ गंगाधर खेर, १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान आणि पुढे १९५२ पर्यंत मुख्यमंत्री. तिघेही कोकणचे. पहिल्याने मराठी वर्तमानपत्र उभे केले, दुसऱ्याने त्याला सरकारविरुद्ध धार दिली, तिसरा स्वतःच सरकार झाला. दुसरा नमुना गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. त्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा पहिल्या सभासदांत गोपाळ कृष्ण देवधर होते. त्या समाजात ‘गोपाळ कृष्ण’ एवढ्या पत्त्यावर आलेले पत्र कोणाच्या हाती पडले असते, देव जाणे. देवधरांनी रमाबाई रानड्यांबरोबर पुणे सेवासदन उभारले, सहकारी चळवळीत आयुष्य घातले, आणि तरी आज ते गोखल्यांच्या सावलीत आहेत. याच्या उलट जोडी विष्णुशास्त्र्यांची. विष्णुशास्त्री पंडित विधवाविवाहाच्या बाजूने शास्त्रार्थ करीत होते, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर निबंधमालेतून सुधारकांवर आसूड ओढीत होते. नाव सारखे म्हणून मते सारखी असतील असे समजणाऱ्याने या दोघांना आधी वाचावे.

संतांच्या बाबतीत सारख्या नावाने नुसता गोंधळ होत नाही, माणूसच गिळला जातो. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा मोठा कवी होऊन गेला. एकनाथांच्या काळातला; त्याने महाभारत मराठी ओवीत आणले. त्याच्या कवितेत ‘नामा’ ही खूण येते आणि तेराव्या शतकातल्या नामदेवांच्या अभंगांतही ‘नामा’ येते. परिणामी गाथा छापताना एकाची रचना दुसऱ्याच्या नावावर गेली, आणि कोणत्या रचना कोणाच्या हे वेगळे करायला अभ्यासकांच्या पिढ्या लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवरामपंत भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’मध्ये लिहून ज्ञानेश्वरीकर्ता ज्ञानदेव वेगळा आणि अभंगकर्ता ज्ञानदेव वेगळा असा वाद उभा केला. महाराष्ट्र ढवळून निघाला. आज बहुतेक अभ्यासक तो वाद भारद्वाजांच्या विरोधात निकाली निघाला असे मानतात. माझेही मत तेच. परंतु एकच नाव एकाच माणसाचे असेल असे धरून चालू नये, पुरावा मागावा, हे त्या वादाने मराठी संशोधनाला शिकवले, म्हणून भारद्वाजांसाठी या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण ठेवले आहे. चांगदेवांना त्यामानाने थोडी पाने आली आहेत: महानुभावांचे चांगदेव राउळ आणि वाघावर बसून येणारे चांगदेव वटेश्वर यांना एक समजणारे वाचक अजून भेटतात, त्यांच्यापुरती.

आता पुन्हा आमच्या रानाकडे. नावे तुटपुंजी का पडतात हे बघायला राजघराणीच हवीत असे नाही. गोंड आणि माडिया कुटुंबांत मुलाला जन्मवाराचे नाव ठेवण्याची चाल जुनी आहे: सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगरू, बुधवारचा बुधू, शुक्रवारचा सुकरू. आठवड्याला वार सातच. आडनावे कुळाची, तीही एका टोल्यात दोन-तीनच. आत्राम, मडावी, कोवे, उसेंडी. मग एका टोल्यात चार सोमा आत्राम सहज निघतात. तिथे राहणाऱ्यांना त्याचा त्रास नसतो, ते ‘विहिरीजवळचा सोमा’, ‘बुटका सोमा’ म्हणून चालवतात. त्रास सुरू होतो तो कागदाशी गाठ पडल्यावर. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा लावताना, सातबारावर नाव चढवताना, मतदार यादीत, बँकेच्या खात्यात एका सोमाचे पैसे दुसऱ्या सोमाकडे जातात आणि मग तलाठ्याकडे खेटे सुरू होतात. सिरोंच्याकडे तेलुगू घरांत आडनाव आधी आणि नाव नंतर. आमच्या तालुक्यातल्या बंगाली वसाहतींत विश्वास, मंडल, सरकार यांची दाटी. एकाच जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या खिडक्यांवर या सगळ्या पद्धती येऊन ठेपतात आणि आतला कारकून पुण्या-मुंबईच्या नमुन्यातला फॉर्म पुढे करतो.

गावांनी यावर कागदालाही चालेल असा तोडगा काढला आहे. चामोर्शी तालुक्यात मार्कंडा नावाची दोन गावे आहेत. एक वैनगंगेच्या काठचे, जिथे नदी उत्तरेला वळते आणि जिथली देवळे पाहून कनिंगहॅमने पानेच्या पाने लिहिली, ते महाशिवरात्रीच्या जत्रेचे मार्कंडा (देव). दुसरे आष्टीकडे रानाच्या बाजूचे मार्कंडा (कंसोबा). कंसातल्या एका शब्दाने एसटीचा कंडक्टर, वनखाते आणि पोस्टमन तिघांचेही काम भागते. धानोऱ्याकडचे, सामूहिक वनहक्कामुळे देशभर गाजलेले गाव असेच मेंढा (लेखा) म्हणून लिहितात. त्याच गावाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते मोहन हिराबाई हिरालाल आडनावाऐवजी आई आणि वडील दोघांची नावे लावत असत. सारख्या नावाचा दुसरा माणूस सापडण्याची शक्यता त्यांनी जवळजवळ मिटवलीच.

पुस्तकाची रीत याच कंसावरून घेतली आहे. प्रत्येक व्यक्तीपुढे वडिलांचे नाव, गाव आणि साल दिले आहे. बाईच्या बाबतीत जन्मनाव आणि आईचे नावही, जिथे मिळाले तिथे. कोण थोर आणि कोण किरकोळ याची क्रमवारी लावलेली नाही. ज्याच्याविषयी जास्त सांगण्यासारखे आहे त्याला जास्त पाने मिळाली, एवढेच. म्हणून झाशीपेक्षा अहेरीला पाने अधिक आहेत, टिळकांपेक्षा जांभेकरांना, आणि नामदेवांपेक्षा विष्णुदास नाम्याला. टिळकांवर वाचायचे असेल तर वाचकाला ग्रंथालयात अख्खे कपाट मिळेल. हयात राजकारण्यांना टाळले आहे. अहेरीच्या राजघराण्यात धर्मराव हे नाव जुन्या जमीनदाराचेही आहे आणि आजच्या नेत्याचेही, पण ती जोडी पुढच्या कोणीतरी लावावी.

वाचकांकडे एक मागणे आहे. आमच्या दोन जिल्ह्यांत गावोगाव चौकांना, शाळांना, सभागृहांना नावे दिलेली आहेत, आणि पाटीवर नुसते ‘वीर बाबुराव’, ‘दादासाहेब’ किंवा ‘राणी’ एवढेच असते. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिच्यावरचा माणूस कोण, कुणाचा, कुठला आणि कोणत्या सालचा, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आत्ताच वहीत उतरवून ठेवा, आणि पाटी पुन्हा रंगवायला निघेल तेव्हा ते पाटीवर लिहायला लावा. रंगारी अक्षरामागे पैसे घेतो, हे मान्य. तेवढा खर्च ग्रामपंचायतीने करावा.